गोलकीपरनं टीसी नेली!

फर्स्ट इयरचा निकाल लागला की हॉस्टेलवर दोन प्रकारची मंडळी हातात कागद घेऊन फिरताना दिसतात. पहिली एटीकेटीवाली आणि दुसरी कॉलेज बदलणारी. यंदा दुसऱ्या मंडळींत आमच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होता. नागपूरच्या एका कॉलेजात सेकंड इयरची जागा रिकामी होती, मेरिटमध्ये नाव लागलं, आणि गडी एनओसी, टीसी, ग्लोव्हज् सगळं घेऊन गेला. आठ दिवसांनी लेफ्ट विंगवरचा पोरगाही त्याच वाटेनं गेला.

झालं! जिमखान्यापासून मेसच्या टेबलापर्यंत एकच चर्चा. "आपण वर्षभर शिकवायचं अन् मॅच त्याईनं जिंकायच्या? काहून बे?" असा एकंदर सूर. त्यातून एक सूचना पुढे आली, की यापुढे कॉलेज टीममध्ये खेळणाऱ्याला एनओसी देऊच नये, निदान दोन वर्षं तरी. स्टाफपैकीही काहींना ती पटलेली दिसते. मी फायनल इयर मेकॅनिकल, टीमचा राइट बॅक. गोलकीपर गेला की पहिली पंचाईत आमची होते. तरीही मला ही सूचना चुकीची वाटते. का वाटते ते सांगण्यासाठी हा लेख. त्यासाठी जरा रामटेकच्या बाहेर, पार अमेरिकेपर्यंत जाऊन यावं लागेल. फुकटात फिरवून आणतो, बसा.

आधी आपल्याकडची रीत. इंजिनिअरिंगचा प्रवेश सीईटी आणि कॅप राउंडमधून होतो. तिथे मार्क बोलतात, ऑप्शन फॉर्म बोलतो. पोरगा डाव्या पायानं किती छान क्रॉस मारतो हे कोणी विचारत नाही. त्यामुळे कोणत्याही लहान कॉलेजची टीम म्हणजे कॅप राउंडनं वाटलेले पत्ते. आले ते हातात घ्यायचे आणि डाव खेळायचा. फर्स्ट इयरनंतर दोन दरवाजे उघडतात. एकातून डिप्लोमावाले थेट सेकंड इयरला आत येतात. दुसऱ्यातून, दुसरीकडे जागा रिकामी असेल आणि दोन्ही कॉलेजांची संमती असेल तर आपले काही जण बाहेर जातात. जाण्याची कारणं साधी असतात. घर नागपुरात आहे, रूम आणि मेसचे पैसे वाचतात, हवी ती ब्रँच मिळते, तिकडे कंपन्या जास्त येतात. फुटबॉल हे कारण क्वचितच असतं. आमच्या गोलकीपरचंही नव्हतं. "आई म्हणून राहिली घरी ये, तर मी काय करू?" एवढंच तो म्हणाला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या, कारण मेसच्या चर्चेत तिचा सगळा गोंधळ होतो. आपल्याकडे एकाच पोराची फुटबॉलमध्ये दोन वेगवेगळी खाती असतात. पहिलं क्लबचं खातं. नागपुरात जिल्हा फुटबॉल संघटना, तिच्यावर राज्याची वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, तिच्यावर ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशन. क्लबकडून खेळायचं तर खेळाडूची नोंदणी होते, आता ती ऑनलाइन असते, आणि क्लब बदलायचा तर ठरावीक मुदतीत रीतसर ट्रान्स्फर घ्यावी लागते. दुसरं कॉलेजचं खातं. इथे फक्त बोनाफाइड लागतं. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत तुम्ही कॉलेजकडून खेळता, त्यातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची टीम निवडली जाते, ती पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जाते. हा सगळा कारभार विद्यापीठांचा. कामठीहून अप-डाऊन करणारा पोरगा तिकडे क्लबचा आणि इकडे आपला, असा दोन्हीकडे असू शकतो. आणि तो टीसी घेऊन गेला, तर त्याची क्लबच्या खात्यात कुठे नोंदही होत नाही. फुटबॉलच्या भाषेत ती ट्रान्स्फर नाहीच. जुन्या कोलकात्यात दलबदलाच्या दिवसांत मोहन बागान आणि ईस्ट बंगालची माणसं खेळाडूंना सही होईपर्यंत लपवून ठेवायची, असे किस्से आहेत. आमचा गोलकीपर भर दुपारी एसटीत बसून गेला, आणि बॅग आम्हीच वर चढवली.

आता थोडं गणित. घाबरू नका, एम-थ्री नाही.

समजा दर वर्षी फर्स्ट इयरमधून पाच पोरं टीममध्ये येतात. चार वर्षांचा कोर्स, म्हणजे चार बॅचचे मिळून वीस. छान टीम झाली, दोन्ही बाजूंनी सराव सामना खेळता येईल इतकी. आता प्रत्येक बॅचमधून फर्स्ट इयरनंतर फक्त दोघं जातात असं धरा. मग फर्स्ट इयरचे पाच, सेकंडचे तीन, थर्डचे तीन, फायनलचे तीन. एकूण चौदा. फायनल इयरवाले कॅम्पस, प्रोजेक्ट आणि गेटच्या क्लासमध्ये अडकतात हे तुम्ही जाणताच, मी स्वतः त्याच रांगेत आहे. ते वजा केले की राहिले अकरा. बरोबर अकरा! एकाचा पाय मुरगळला, एकाची वायवा निघाली, की नऊ जण घेऊन मैदानात उतरा. बघा, दर बॅचमागे दोन म्हणजे काही मोठा आकडा नाही. पण मोठ्या कॉलेजात तेवढेच दोन गेले तर बेंचवर पुढचे तयार असतात, आणि बाहेरून दोन आलेलेही असतात. लहान कॉलेजात त्या दोनांमुळे वीसचे चौदा होतात, आणि खेळायला अकराच उरतात.

शिवाय या अकरांत पाच जण फर्स्ट इयरचे आहेत. म्हणजे जवळजवळ अर्धी टीम अशी, जिला गेल्या वर्षीची एकही मॅच माहीत नाही.

जाताना काय जातं?

लहान कॉलेजात फुटबॉलसाठी वेगळा कोच नसतो. शारीरिक शिक्षणाचे एकच सर कबड्डीपासून क्रॉसकंट्रीपर्यंत सगळं बघतात. तेव्हा आमचा खरा कोच म्हणजे सीनियर. मला फर्स्ट इयरला राइट बॅक खेळायला शिकवलं ते थर्ड इयरच्या एका सिव्हिलवाल्यानं, आणि त्याला त्याच्या आधीच्या कोणी तरी. सेकंड इयरला गेलेला पोरगा म्हणजे एक खेळाडू गेला इतकंच नाही. तो अजून तीन वर्षं इथे राहिला असता आणि त्या तीन वर्षांत दोन-तीन ज्युनिअरना हात धरून शिकवलं असतं.

गोलकीपरचंच उदाहरण घ्या. लोकांना वाटतं, उंच पोरगा पकडला आणि पोस्टमध्ये उभा केला की झालं. गोलपोस्टची रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४ मीटर. समजा समोरचा फॉरवर्ड बॉल घेऊन बरोबर मधोमध, गोललाइनपासून १६ मीटरवर आला. कीपर लाइनवरच उभा राहिला तर त्याला सगळे ७.३२ मीटर झाकायचे आहेत. तो चार मीटर पुढे आला, तर बॉलपासून दोन्ही पोस्टकडे ओढलेल्या रेषांमधलं त्याच्या जागेचं अंतर होतं ७.३२ गुणिले १२ भागिले १६, म्हणजे जवळपास साडेपाच मीटर. समरूप त्रिकोण, दहावीची भूमिती. दोन्ही बाजूंना मिळून पावणेदोन मीटर वाचले! पण पुढे आला की डोक्यावरून चिप व्हायची भीती. आणि फॉरवर्ड मधोमध नसून उजवीकडून येत असेल, तर जवळच्या पोस्टकडे कीपरनं बघायचं आणि आत पास जाऊ द्यायचा नाही हे राइट बॅकनं बघायचं. हे दोघांनी मिळून ठरवायचं असतं, आणि ठरवलेलं एकमेकांना ओरडून सांगायचं असतं. "माझा!" म्हणजे मी थांबायचं, "दूर!" म्हणजे बॉल थेट बाहेर मारायचा. गेल्या पावसाळ्यात चिखलात आम्ही दोघांनी हे किती वेळा घोकलं ते आमच्या वॉर्डन सरांना विचारा, बाथरूममधल्या मातीवरून त्यांनी आम्हाला पुरेसं झापलंय.

गोलकीपरबरोबर हे ओरडणं जातं. नवीन कीपर कदाचित याच्यापेक्षा उंच असेल, चपळही असेल, पण पहिल्या पाच-सहा मॅचमध्ये आम्ही दोघं एकाच बॉलवर धावणार आणि एकमेकांवर आपटणार हे नक्की. स्पर्धा बाद पद्धतीची असेल तर पाच-सहा मॅच मिळतात कुठे? पहिलीच शेवटची.

तेव्हा नुकसान खरं आहे. एनओसी अडवा म्हणणाऱ्यांचा राग कुठून येतो हे मला पूर्ण कळतं. आता जगात इतरांनी या नुकसानीचं काय केलं ते बघू.

युरोपातली भरपाई

युरोपात डिसेंबर १९९५ मध्ये बोसमान नावाच्या बेल्जियन खेळाडूच्या खटल्यात युरोपियन कोर्टानं निकाल दिला, की करार संपलेल्या खेळाडूला दुसऱ्या क्लबात जाण्यासाठी जुन्या क्लबनं पैसे मागता येणार नाहीत. खेळाडू मोकळे झाले. पण लगेच प्रश्न आला, की ज्या लहान क्लबांनी पोरांना लहानपणापासून शिकवलं त्यांचं काय? म्हणून २००१ साली फिफानं नियम बदलले तेव्हा दोन गोष्टी आणल्या. एक, पोरगा पहिला व्यावसायिक करार करतो तेव्हा त्याला घडवणाऱ्या क्लबांना प्रशिक्षणाची भरपाई. दुसरी जास्त मजेशीर आहे. खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशात विकला गेला, तर किमतीतले ५ टक्के बाजूला काढायचे आणि १२ ते २३ या वयात त्याला शिकवणाऱ्या सगळ्या क्लबांत वाटायचे. वाटणी अशी: १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षाला किमतीच्या पाव टक्का, १६ ते २३ मधल्या प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. म्हणजे १ कोटीला विकला गेलेला खेळाडू चौदाव्या वर्षी एक सीझन तुमच्या क्लबात असेल तर तुम्हाला २५ हजार, अठराव्या वर्षी असेल तर ५० हजार. लहान क्लबांना हे पैसे मिळायचे नाहीत, कारण मागायचे कसे हेच माहीत नसायचं. म्हणून २०२२ च्या अखेरीस फिफानं त्यासाठी वेगळं क्लिअरिंग हाउसच सुरू केलं.

मला ही कल्पना फार आवडते. आपल्याला लागू होते का? नाही. एक तर कॉलेज हा फेडरेशनकडे नोंदलेला क्लब नाही. दुसरं म्हणजे आमचा गोलकीपर शून्य रुपयांना गेला, आणि शून्याचे पाच टक्के किती हे इलेक्ट्रॉनिक्सवालेसुद्धा सांगतील.

आता अमेरिका, कारण कॉलेजच्या खेळातली आपली ही भानगड तिथे हजारपट मोठी होऊन दिसते. तिकडचा कॉलेज फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून लांबट बॉल हातात घेऊन पळायचा खेळ, पण मुद्दा तोच. तिथे वरच्या श्रेणीच्या फुटबॉलमध्ये कॉलेज बदललं तर एक वर्ष बाहेर बसायचं, असा नियम वर्षानुवर्षं होता. म्हणजे आपल्या जिमखान्यातल्या सूचनेचाच चुलतभाऊ! १५ ऑक्टोबर २०१८ पासून तिथे ट्रान्स्फर पोर्टल आलं. खेळाडूनं सांगायचं की मला जायचंय, कॉलेजनं त्याचं नाव पोर्टलवर टाकायचं, मग इतर कोच त्याच्याशी बोलायला मोकळे. २०२१ मध्ये एकदा न बसता बदलायची सूट मिळाली, आणि त्याच वर्षी १ जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातींचे पैसे घ्यायला परवानगी मिळाली. दुसऱ्यांदा बदलणाऱ्यांना मात्र थांबवलं जायचं. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातल्या फेडरल कोर्टानं त्यालाही तात्पुरती मनाई केली, आणि एप्रिल २०२४ मध्ये तिथल्या संघटनेनं तो नियमच काढून टाकला. अभ्यासात पास असाल तर कितीही वेळा जा.

याचा लहान कॉलेजांवर काय परिणाम झाला ते एका खेळाडूवरून कळतं. कॅम वॉर्ड हा टेक्सासमधला क्वार्टरबॅक. शाळेत असताना मोठ्या युनिव्हर्सिट्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. सॅन अँटोनिओच्या इन्कार्नेट वर्ड या खालच्या गटातल्या लहान युनिव्हर्सिटीनं त्याला घेतलं, खेळवलं. दोन सीझननंतर तो २०२२ साली वॉशिंग्टन स्टेटला गेला, तिथून २०२४ ला मायामीला, आणि एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक लीगच्या निवडीत टेनेसी टायटन्सनं त्याला सगळ्यांत पहिला उचलला. गंमत म्हणजे इन्कार्नेट वर्डचा हेड कोचही त्याच वेळी वॉशिंग्टन स्टेटला गेला होता. ज्यांनी त्याला ओळखलं त्यांच्याकडे काय राहिलं? आठवणी आणि फोटो. शिवाय मोठे कोच आता शाळेतून कच्चा पोरगा घेऊन घडवण्यापेक्षा लहान कॉलेजातला तयार पोरगा घेणं पसंत करतात. लहान कॉलेज म्हणजे त्यांची नर्सरी झाली. उलटही होतं, मोठीकडे बेंचवर बसलेले खाली येतात आणि लहान टीममध्ये चमकतात. पण एकूण हिशेबात चांगले वर जातात.

आता कोणी म्हणेल, भाऊ, हे अमेरिकेतलं, आपल्या देशात कॉलेजच्या खेळाडूला कोण विचारतो? विचारतात! पंजाबातल्या मोठ्या खासगी युनिव्हर्सिट्या खेळाडूंना फी माफी, हॉस्टेल, कोच असं सगळं देऊन बोलावतात. विद्यापीठांच्या खेळातली सर्वांत मानाची मौलाना अबुल कलाम आझाद ट्रॉफी १९५६-५७ पासून आहे; ती दीर्घकाळ अमृतसरचं गुरु नानक देव, पतियाळाचं पंजाबी, चंदीगडचं पंजाब अशा सरकारी विद्यापीठांकडे फिरायची. २०२४ ची ट्रॉफी चंदीगड युनिव्हर्सिटी या खासगी विद्यापीठाला मिळाली, आणि दुसरा नंबर लव्हली प्रोफेशनलचा, तीही खासगी. वारं कुठून वाहतंय ते बघा. त्यात आता अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स आलीय, २०२१ पासून. एका संस्थेत मिळवलेले क्रेडिट दुसऱ्या संस्थेत नेणं यापुढे सोपंच होत जाणार. म्हणजे टीसी नेणारे वाढणार.

आणि का नेऊ नये? महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. पण त्यासाठी वरच्या पातळीवरचं यश लागतं. आपल्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या पहिल्या फेरीत हरल्याचं सर्टिफिकेट तिथे कोणी बघत नाही. चांगल्या खेळाडूला चांगल्या टीममध्ये जावंसं वाटलं तर तो स्वार्थी ठरत नाही, त्याला पोट आहे.

एनओसी अडवली तर काय होईल?

कायद्याचा भाग आधी उरकतो. विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रं संस्थेनं अडकवून ठेवू नयेत असं यूजीसीनं २०१८ च्या ऑक्टोबरात अधिसूचना काढून सांगितलंय. एनओसी नाकारणं ही त्याहून वेगळी बाब आहे हे मान्य, पण खेळतो म्हणून नाकारली हे लेखी कारण कोण देणार?

मला जास्त काळजी दुसऱ्याच गोष्टीची वाटते. ऑगस्टमध्ये नवीन फर्स्ट इयर येतं. त्यातल्या कित्येकांच्या मनात पहिल्या दिवसापासून असतं, की एक वर्ष काढू, पॉइंटर चांगला आणू आणि नागपूर किंवा पुण्याला बघू. यातल्या एखाद्याला शाळेपासून फुटबॉल येतो. ट्रायलची नोटीस लागली. शेजारच्या रूमचा सीनियर त्याला सांगेल, "बे, टीममध्ये नाव देऊ नको, मग एनओसी नाही भेटत." तो ट्रायलला येईल? जो कधीच बॉलला पाय लावत नाही तो मोकळा, आणि जो कॉलेजसाठी घाम गाळतो तो अडकलेला! दोन जाणाऱ्यांना धरून ठेवायला जाल आणि येणाऱ्या पाचांना दारातून परत पाठवाल. मघाचं गणित पुन्हा करून बघा, दर वर्षीच्या पाचाचे तीन झाले तर एकही न जाता चार बॅचचे मिळून बाराच होतात, आणि त्यातले तीन फायनल इयरचे.

आपल्याच विदर्भाचं उदाहरण देतो, क्रिकेटचं आहे, चालवून घ्या. विदर्भाची रणजी टीम कित्येक वर्षं लहान टीमच समजली जायची. मग मुंबईचा वसीम जाफर आला, कर्नाटकचा गणेश सतीश आला, मुंबईचेच चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले, आणि २०१७-१८ व २०१८-१९ असे लागोपाठ दोन रणजी करंडक नागपूरला आले. पहिल्या फायनलमध्ये हॅट्ट्रिक घेणारा रजनीश गुरबाणी आपल्यासारखाच इंजिनिअर, सिव्हिलचा. तिसरा करंडक २०२४-२५ मध्ये, तेव्हा करुण नायर बाहेरून आलेला होता. पुढच्या सीझनला तो कर्नाटकात परतला. पंडित सरही मधल्या काळात मध्य प्रदेशला गेले आणि २०२२ मध्ये त्यांना रणजी जिंकून दिली. यायच्या दारानंच जायचंही असतं. दार बंद असतं तर जाफर आलाच नसता. पण हेही खरं, की बाहेरचे दोन-तीनच होते आणि बाकीचे आठ-नऊ इथल्या अकादमीतून, इथल्या मैदानांतून वर आलेले. ते नसते तर जाफर एकटा काय करणार होता?

फुटबॉलमध्ये हे बघायला आपल्याला लांब जायला नको. नागपूरहून रामटेकला येणारी गाडी कामठीवरून येते. कामठी हे १८२१ साली वसलेलं इंग्रजांच्या छावणीचं गाव, आणि नागपूर जिल्ह्याच्या फुटबॉलचं एक माहेरघर. रब्बानी क्लब तिथलाच. तिथले खेळाडू नागपूरच्या क्लबांत जातात, रेल्वेत जातात, पोलिसात जातात. कोणी ना कोणी कायम जातच असतो. टीम तरी उभी राहते. आमच्या टीममधल्या कामठीच्या पोराबरोबर मी दोन-तीनदा तिकडे संध्याकाळी गेलोय. एका टोकाला मोठ्यांचा खेळ चाललेला, दुसऱ्या टोकाला चड्डीतली पोरं, आणि मधे बॉल लाइनबाहेर गेला की तो आणून देण्यासाठी तिसरीच चिल्लर टपलेली. आज बॉल आणून देणारा पाच वर्षांनी टीमच्या दारात उभा असतो. कोणी गेला तर त्याची जागा बघून ठेवलेला एक पोरगा तिथे आधीच असतो.

नागपुरातच २००१ साली हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या पोरांची स्पर्धा भरवली, त्यातून पुढे स्लम सॉकर उभं राहिलं. २०२२ मध्ये आलेला 'झुंड' त्यावरूनच. तो हॉस्टेलच्या हॉलमध्ये सगळ्यांनी मिळून शिट्ट्या मारत पाहिला, पण एक गोष्ट निसटते: ती पोरं कुठल्या कॉलेजची नव्हती. आपल्या जिल्ह्यात फुटबॉल येणारी पोरं पुष्कळ आहेत. कॉलेजच्या टीमला ती आयती मिळतात, आणि आयतं मिळालेलं जपायची सवय आपल्याला लागलेली नाही.

आपल्याला काय करता येईल ते थोडक्यात सांगतो, कारण हे सांगायचं कमी आणि करायचं जास्त आहे. आजवर आपला सराव स्पर्धेचं सर्क्युलर आल्यावर सुरू व्हायचा. तो फर्स्ट इयर हॉस्टेलवर सामान टाकतं त्या आठवड्यातच सुरू व्हायला हवा, म्हणजे जो वर्षभरानं जाणार आहे तोही वर्षभर खेळेल. प्रत्येक जागेवर दोघं हवेत, एक सीनियर, एक ज्युनिअर. सीनियरनं त्याला शिकवल्याशिवाय आठवड्याच्या शेवटी सराव सामन्यात उतरायचं नाही, हा नियम आम्ही याच महिन्यात केला. थेट सेकंड इयरला येणाऱ्या डिप्लोमावाल्यांना आजवर कोणी विचारलंच नाही, त्यांना तीन वर्षं इथेच काढायची असतात. त्यांच्यातून यंदा एक चांगला स्टॉपर मिळालाय. मुलींची टीम तर अजून उभीच राहायचीय, त्यांना ट्रान्स्फरचा प्रश्न पडावा इतक्या त्या आधी जमू देत. आणि कोपऱ्यावरच्या शाळेतली पोरं रोज तारेच्या कुंपणाबाहेर उभी राहून बघतात, त्यांना बॉल आणून द्यायला तरी आत घ्या. वॉचमनकाकांशी मी बोललोय, स्टाफपैकी कोणी सही दिली तर काका गेट उघडतील.

गेलेल्यांशी भांडणही नको. गोलकीपर दर दुसऱ्या रविवारी रामटेकला येतो आणि नवीन कीपरला अँगल शिकवतो, कारण त्याची अर्धी दोस्तमंडळी अजून याच हॉस्टेलवर आहे. आम्ही चिडून त्याचा नंबर ब्लॉक केला असता तर तेही गेलं असतं. सगळं त्याच्या डोक्यात राहू नये म्हणून एक दोनशे पानी वही केलीय. प्रत्येक जागेचं एक पान. कॉर्नरला कोण कुठे उभं राहतं, फ्री किकला भिंत कोण लावतं, पाऊस झाल्यावर मैदानाच्या कुठल्या कोपऱ्यात बॉल अडतो, असलं सगळं त्यात. इंजिनिअरिंगचं जर्नल कॉपी करणाऱ्यांनी ही वहीसुद्धा कॉपी करावी, इथे सर मार्क कापत नाहीत.

सराव सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पाच ते साडेसहा, पी.एल. लागेपर्यंत. ट्रायल नाही, थेट या. बूट नसतील तर कॅनव्हासचे चालतील. पुढच्या वर्षी कॉलेज बदलायचं मनात असेल तरी या.